दुसऱ्याचा डबा

त्या पत्राचा कागद खाकी होता आणि जळबाने आठ वर्षांत त्याची घडी तीनदाच उघडली होती. पहिल्यांदा पत्र आलं त्या दिवशी, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत. दुसऱ्यांदा हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि परभणीतले फायलींचे गठ्ठे टेम्पोत भरून इकडे यायला निघाले तेव्हा. तिसऱ्यांदा कधी, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. तापात असेल बहुतेक. पत्रात चार ओळी होत्या. शेवटची ओळ अशी की पंधरा दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

पंधरा दिवस गेले, पंधरा महिने गेले. पुढे पुढे ते पत्र ट्रंकेत, लेकीच्या जुन्या पुस्तकांखाली, घरातल्या एखाद्या आजारी माणसासारखं पडून राहिलं. कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. ट्रंक उघडली की जळबा वरच्या वर हात फिरवायचा आणि झाकण लावायचा.

जळबा सरकारी आरोग्य केंद्रात शिपाई होता. राहायला जवळा बाजारच्या शिवारात, एक एकर रान, त्यात हळद. फेब्रुवारी-मार्चात हळद निघाली की तो दरसाल आठ दिवसांची रजा टाकायचा. एरवी दिवसभर कुणाशी चार शब्द न बोलणारा हा माणूस त्या आठ दिवसांत आणखीच मुका व्हायचा. हळद खणायची, माती झाडायची, गड्डे वेगळे करायचे, कढईत शिजवायचे. पाठ कामाला लागली की तोंडाला काम उरत नाही, हे त्याला बरं वाटायचं.

दोन हजार सहा सालच्या त्या सकाळी कढई नुकतीच धरली होती. वर हळदीचा पाला, त्यावर ओली पोती. वाफ पोत्यांतून निघायची आणि रानावर आडवी पसरायची. त्या वाफेत बोरीचं झाड दिसायचं, नाहीसं व्हायचं. पद्माबाई, जळबाची बायको, चुलाण्यात तुराट्या सारत होती. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते.

वाफेतून एक बाई येताना दिसली. डोक्यावरून पदर, हातात बाजाराची पिशवी. जवळ येईपर्यंत जळबाला ती ओळखू आली नाही, आणि ओळखू आली तेव्हा त्याने मान कढईकडे वळवली. हट्ट्याच्या नासेर शिपायाची बायको होती, जैनबबी.

"या भाभी," पद्माबाई म्हणाली. "इकडं कुठं वाट चुकल्या?"

"बाजार व्हता. म्हनलं चार पावलं पुढं जाऊ." जैनबबी पोत्यावर टेकली. गुडघ्यावर हात ठेवून जरा दम घेतला. "जळबाभाऊ, तुमाला तकलीफ द्यायला आले."

"बोला की."

"ह्यांची पेन्शन अडकून राह्यली. रिटायर होऊन आठ महिने झाले. हिंगोलीच्या कचेरीत शेषराव म्हनून बाबू हायेत, ते म्हनले, सर्व्हिस बुकात लाल शाईनं लिवून हाय. सरकारी माल ताब्यात असताना परवासात झोपलेला आढळला. ओव्हरटाइम नामंजूर." तिने पदर पुढे ओढला. "आता तुमीच सांगा. हा मानूस घरात गादीवर झोपत न्हाई. यष्टीत काय झोपनार?"

पद्माबाई हसली. जळबाने तुराटी उचलली आणि परत खाली ठेवली.

"शेषराव म्हनले, फाइलीत तुमच्या नावाचं एक पत्र हाय. सोबतचा गवाह म्हनून तुमाला इचारलं व्हतं. उत्तर आलं न्हाई, असं लिवलंय. मी म्हनलं, त्यांना पोचलंच नसंल. न्हाईतर जळबाभाऊ असे न्हाईत."

जळबा कढईकडे बघत होता. पोत्याच्या एका कोपऱ्यातून वाफ जोरात निघत होती. तिथे ओला पाला दाबायला हवा होता.

"नसंल पोचलं," जैनबबी पुन्हा म्हणाली. या वेळी विचारल्यासारखं.

"बघतो," जळबा म्हणाला. "कचेरीचं काय... बघतो मी."

एवढं बोलून तो उठला आणि पाला दाबू लागला. वाफेने हाताला चटका बसला. तो तसाच दाबत राहिला.

बायका बोलत राहिल्या. जैनबबीने नवऱ्याच्या गुडघ्यांची गोष्ट काढली. "भिताडाला धरून उठतात. नमाजाला खुर्ची लागते. डाक्टर म्हनतो, थंडी बसली हाडात. मी म्हनते बसनार न्हाईतर काय. दर मंगळवारी पायजमा मांडीपासून घोट्यापर्यंत चिंब. मी पिळायची तर बादलीभर पानी. लसीच्या एका डब्याचं इतकं पानी गळतं व्हय? डबा होता का हापसा?"

पद्माबाईचा हात चुलाण्याशी थांबला. तिने वर पाहिलं नाही. मग तुराटी आत सारली आणि म्हणाली, "च्या घेऊन जावा, भाभी."

*

लसीचा डबा निळा असायचा. आत बर्फाच्या पिशव्या, मध्ये लसीच्या बाटल्या. परभणीच्या गोदामातून दर मंगळवारी लस आणायची. जळबाच्या केंद्राच्या डब्यावर पांढऱ्या रंगात सात आकडा होता, नासेरच्या डब्यावर अकरा. दोन्ही डबे म्हातारे झाले होते. झाकणाच्या कड्या तुटलेल्या, रबर सुटलेलं. झाकण हाताने दाबून धरलं नाही तर गारवा वाटेतच उडून जायचा आणि लस वाया जायची. दाबून धरलं तरी पाणी झिरपायचंच.

गोदामातून लस हातात पडेपर्यंत पाच वाजायचे. साडेपाचला कचेरी सुटायची आणि साडेपाचलाच त्यांची एसटी सुटायची. पुढचा सगळा रस्ता सरकारच्या लेखी घरी गेलेल्या माणसाचा होता. सत्त्याण्णव साली असा कागद निघाला की कचेरीची वेळ संपल्यावर ज्याच्या ताब्यात सरकारी माल असेल, त्याचा प्रवासही काम धरावा आणि त्याला ओव्हरटाइम द्यावा. नासेर तेव्हा हसला होता. "जळबा, इतकी वर्षं आपन फुकटात बर्फ मांडीवर घेत व्हतो, ते आज साहेबाला दिसलं." दोघांनी एकाच दिवशी अर्ज दिले.

दोघांचा ठराव साधा होता. परभणी ते झिरो फाटा एकाने डोळा लावायचा, दुसऱ्याने दोन्ही डबे धरायचे. फाट्यापासून हट्ट्यापर्यंत उलट. हट्ट्याला नासेर उतरायचा. तिथून पुढे जवळा बाजारपर्यंत जळबा एकटा.

पहिली पाळी झोपायची जळबाची. "पड जरा," नासेर म्हणायचा, "पहाटपासून जागा हाईस." आणि त्याचा डबा ओढून घ्यायचा. जळबा खिडकीला डोकं टेकवायचा. बाहेर कापसाची रानं राखाडी होत जायची, मध्येच एखाद्या गावाचा दिवा लागायचा, काच थरथरायची, आणि मग म्हैस यायची. लहानपणी तो पूर्णेच्या काठी म्हशी राखायचा. स्वप्नात तो म्हशीच्या पाठीवर बसलेला असायचा आणि म्हैस पाण्यातून चाललेली असायची. पाणी गार, पाय बुडालेले. पलीकडचा काठ दिसायचा, पण यायचा नाही. आला नाही म्हणून वाईटही वाटायचं नाही. म्हैस चालत राहायची.

मग खांद्यावर हात पडायचा. "ए, हट्टा आलं. धर तुझा डबा."

झिरो फाटा कधीच मागे गेलेला असायचा. "अवं, उठवायचं न्हाई का," जळबा ओशाळून म्हणायचा. "पुढच्या येळेला उठवतो," नासेर म्हणायचा आणि खाली उतरायचा. दिव्याच्या उजेडात त्याचा पायजमा मांड्यांना चिकटलेला दिसायचा.

पुढची वेळ कधी आली नाही. दोन वर्षं दर मंगळवारी जळबा झोपला आणि नासेर जागा राहिला.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरातल्या नऊ तारखेला एका साहेबांची जीप बिघडली म्हणून ते झिरो फाट्याला त्या एसटीत चढले. त्यांना दोन शिपाई दिसले. एक जागा, मांडीवर डबा, दोन्ही पंजे झाकणावर. दुसरा खिडकीला टेकून झोपलेला, तोंड उघडं. साहेबांनी कुणाला उठवलं नाही, काही विचारलं नाही. जागत्या माणसाच्या मांडीवरच्या डब्याचा आकडा तेवढा वाचला. सात. म्हणजे सात केंद्राचा शिपाई जागा होता, आणि त्याच्यासोबत येणारा अकरा केंद्राचा झोपला होता. त्यांनी वहीत तसं टिपून घेतलं.

अकरा आकड्याचा डबा नासेरच्या पायांत उभा होता. त्याचं झाकण त्याने दोन्ही गुडघ्यांनी दाबून धरलं होतं.

दुसऱ्या महिन्यात जळबाचा ओव्हरटाइम मंजूर झाला. नासेरचा झाला नाही. आणि फेब्रुवारीत ते खाकी पत्र आलं. सात क्रमांकाचा डबा मांडीवर घेऊन आपण जागे असताना आपले सोबती झोपले होते, हे खरे काय?

*

जैनबबी येऊन गेल्याला तीन दिवस झाले. शिजलेली हळद खळ्यावर पसरली होती. उन्हात तिचा वास जड झाला होता. नवरा-बायको दोन कडांना बसून लाकडी फावड्याने थर हलवत होते. खालची ओली वर, वरची सुकलेली खाली. ऊन पाठीवर होतं. दोघांच्या सावल्या हळदीवर पडल्या होत्या, आणि जळबाला वाटत होतं की आपली सावलीसुद्धा पिवळी पडली आहे.

"तुमची प्यांट मीच धुवायची," पद्माबाई म्हणाली.

जळबाचं फावडं थांबलं.

"जैनबबी बादलीभर पानी पिळायची म्हने. मला तर कधी वंजळभर निघालं न्हाई. गुडघ्यापाशी एक डाग तेवढा, हट्ट्यापासून घरापर्यंतचा. पत्र आलं तवाच मनात आलं व्हतं."

"तवाच?"

"व्हय."

"मग काहून बोलली न्हाईस?"

"तुमी सांगाल म्हनून."

"आठ वर्षं?"

"मला काय म्हाईत आठ लागतील." तिने हळदीतला एक खडा उचलून लांब टाकला. "मला वाटलं व्हतं, फार तर दोन."

वरून घार फिरत होती. तिची सावली खळ्यावरून गेली.  जळबा खाली बघत बोलू लागला, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबला नाही. पत्र आलं त्या दिवशीच कागद घेतला होता. तारीख लिहिली होती. पुढे हात चालेना. खरं लिहावं तर आपला मंजूर झालेला ओव्हरटाइम बुडतो आणि आपल्या पुस्तकात लाल शाई येते. खोटं लिहावं तर नासेरभाईला आपल्या हाताने बुडवायचं. म्हणून काहीच लिहिलं नाही. न लिहिण्यात कुणाचं काही जात नाही, असं वाटलं होतं.

"गेलं की," पद्माबाई म्हणाली.

"दोन वर्षं राह्यली माझी नोकरीची. आता लिवलं तर माझी पेन्शन अडकंल. घेतलेले पैसे कापून घेतील."

त्या पैशांचे घरावर पत्रे घातले होते. पद्माबाईने खळ्यावरून घराकडे पाहिलं. पत्रे उन्हात पांढरे दिसत होते.

"पत्रे तर काढून न्हेनार न्हाईत ना?"

"पत्रे कसे नेतील."

"मग लिवा." तिने फावडं पुन्हा थरात घातलं. "माझी पाठ भाजून राह्यली. तेवढी कड हलवा आन् मग लिवा."

त्याने कड हलवली. मग घरात जाऊन ट्रंक ओढली, झाकणावर कागद ठेवला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्याकडे पाठ येईल असा तो आधी बसला. मग उठला आणि तोंड फिरवून बसला. पहिल्या कागदावर त्याने लिहिलं, डोळा लागला होता. तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, थकव्यामुळे किंचित डुलकी आली. तोही फाडला. तिसऱ्यावर इतक्या माफ्या मागितल्या की मूळ गोष्ट लिहायला जागाच उरली नाही. चौथा कागद त्याने सावकाश लिहिला. लिहिताना बोटांची हळद कागदाच्या कडेला लागत होती, ती पुसायला गेला तर आणखी पसरली.

*

दुसऱ्या दिवशी तो दुपारच्या एसटीने हट्ट्याला गेला. पाकीट मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं. खिडकीतून वारा येत होता, डोळे जड होत होते, पण तो झोपला नाही.

नासेर घरापुढच्या कडुनिंबाखाली, भिंतीलगत खुर्चीत बसला होता. दोन्ही गुडघ्यांना जुन्या मफलरी गुंडाळलेल्या. जळबाला बघून त्याने उठायला भिंत धरली.

"बसा, बसा. सलाम, नासेरभाई."

"जयभीम, जळबा. बऱ्याच दिसांनी." त्याने जळबाचे हात पाहिले. "हळद काढून राह्यला व्हय?"

"शिजवून झाली."

जैनबबी पाणी ठेवून आत गेली. जळबाने पाकीट पुढे केलं. पाकिटाचं तोंड अजून चिकटवलेलं नव्हतं. नासेरने कागद काढून डोळ्यांपासून लांब धरला आणि ओठ हलवत वाचला.

"नऊ बारा सत्त्याण्णव रोजी झोपलेला माणूस मी होतो. केंद्र सातचा, म्हणजे माझा डबा, ज्यांच्या मांडीवर दिसला ते केंद्र अकराचे नासेर होते. त्यांचा स्वतःचा डबा त्यांच्या पायांत होता. ते पूर्ण प्रवास जागे होते. त्या दिवशी व इतर सर्व मंगळवारी मी हट्ट्यापर्यंत झोपत असे. माझा त्या वेळेचा भत्ता कापून घ्यावा. उत्तरास आठ वर्षे उशीर झाला."

नासेरने कागद परत पाकिटात घातला. पाकीट मांडीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही पंजे ठेवले.

"टाकू नको हे," तो म्हणाला. "तुझी दोन वर्षं हायेत. मला काय, भाकर मिळून राह्यली."

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"काय?"

"साहेबाचं काहून चुकलं ते."

"मला बी खुलासा मागितला व्हता ना. तवाच समजलं." नासेर कडुनिंबाकडे बघत होता. "काय लिवनार. मी न्हाई म्हनलो, तर ते इचारनार, मग कोन? म्हनून लिवलं, दोन्ही डबे बराबर पोचले. झूट तर न्हाई ना त्यात."

 जळबाने आठ वर्षं मनात असलेलं विचारलं. "माझा डबा मांडीवर काहून घ्यायचे तुमी? आपला घ्यायचा. मग आकडा बराबर दिसला असता."

"वा. तुझी अमानत पायात ठिवू आन् माझा डबा मांडीवर? आपली चीज पायात चालते." तो हसला. "आन् तू उठत कुठं व्हतास. एकदा फाट्याला हलवलं, तर तू 'हैक, हैक' करून म्हशीला हाकलायला लागलास. मागची बाई घाबरून दुसऱ्या शीटवर गेली. म्हनलं, जाऊ दे बाबा. ह्याची म्हैस पान्यात हाय."

जळबा हसला. हसता हसता त्याने तोंडावरून हात फिरवला, आणि गालावर पिवळा पट्टा उमटला.

ऊन खुर्चीच्या पायांवरून नासेरच्या मफलरींवर सरकलं. दोघे बसून राहिले. गल्लीतून बकऱ्या गेल्या. पाकीट तसंच नासेरच्या मांडीवर, त्याच्या पंजांखाली होतं, आणि जळबाला क्षणभर असं वाटलं की आपण अजून एसटीतच आहोत, काच थरथरते आहे, आणि हा माणूस आपल्याला आजही उठवणार नाही.

स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला.

"माझी गाडी," जळबा म्हणाला. पण तो उठला नाही. त्याने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

नासेरने त्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मांडीवरचं पाकीट उचललं.

"हट्टा आलं," तो म्हणाला. "धर तुझा डबा."

स्टँडच्या कोपऱ्यावर लाल पेटी होती. जळबाने पाकिटाची कड जिभेने ओली केली. हळदीची कडू चव आली. तोंड चिकटवून त्याने पाकीट पेटीच्या फटीत घातलं, पण लगेच सोडलं नाही. एसटीचा कंडक्टर दारातून त्याच्याकडे बघत होता. जळबाने बोटं उघडली, आणि आत, खूप खाली, कागद पडल्याचा आवाज झाला.